ढोली कुणाच्या नावावर?

मामा भुसावळहून मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. भाची वकील आहे. यावल तालुक्यातल्या पावरा आणि तडवी कुटुंबांचे वनहक्काचे दावे ती चालवते. दोघांचा सातपुड्यावर सारखाच जीव, पण यावल अभयारण्याचं नाव निघालं की दोघांचा आवाज चढतो. या वेळी निमित्त झालं रानपिंगळ्याचं, एका छोट्या घुबडाचं. मी ऐकायला बसलो होतो आणि मध्ये बोललोही. थोडी काटछाट करून ते बोलणं इथे देतो आहे.

भाची : मामा, एका वीतभर पाखरासाठी माणसांना डोंगरातून खाली उतरवा म्हणता, हे मला पटतच नाही. पिंगळा तर आपल्या कॉलनीतल्या पिंपळावरही रोज संध्याकाळी कचकचतो.

मामा : तो वेगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, बारीक राई सांडल्यासारखे. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, पाठही कोरी. छातीवर गडद तपकिरी रंग, खाली पोट पांढरंशुभ्र, पंखांवर आणि शेपटीवर ठसठशीत पांढरे पट्टे. पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी झाकलेले. आणि पंजे! तेवीस सेंटिमीटरच्या पाखराला शोभणार नाहीत एवढे मोठे.

भाची : म्हणजे थोडा देखणा पिंगळा.

मामा : देखणा म्हणून मी त्याची बाजू घेत नाही. जगाच्या पाठीवर तो फक्त मध्य भारतात आहे. आपला सातपुडा, मेळघाट, पलीकडचं खंडवा-बऱ्हाणपूर, गुजरातेत डांगच्या बाजूला आणि आता ठाण्याकडचं तानसा. बाकी कुठेही नाही. सगळे मिळून २५० ते ९९९ प्रौढ पक्षी, असा अंदाज आहे. भुसावळच्या फलाटावर सुट्टीच्या दिवशी एका गाडीला याहून जास्त माणसं चढतात.

इथे मी मामांना थांबवलं. हा पक्षी हरवला कसा आणि सापडला कसा, हे भाचीने एकदा नीट ऐकावं असं मला वाटत होतं. तिला हे पाखरू साहेबांचा छंद वाटतं आणि त्याचा इतिहास खरोखर साहेबांनीच लिहिला आहे. पण त्या इतिहासात एक चोरीही आहे.

मामा : १८७२ च्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला आताच्या छत्तीसगडात, बसन्याजवळ, हा पक्षी मिळाला. ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि ब्लेविटचं नाव त्याला दिलं. हाच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता. नंतर १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने आपल्या पश्चिम खानदेशातून, शहादा-तळोद्याकडून, काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र एकही नाही. जगातल्या संग्रहालयांत मिळून सातच खरे नमुने उरले.

भाची : मग कुणी शोधला नाही का?

मामा : शोधला ना. सालिम अलींनी शोधला, अमेरिकेच्या डिलन रिप्लेंनी शोधला. पण ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात एक नमुना होता, कर्नल मायनर्टझहागेन याचा. त्यावर लेबल होतं : मांडवी, १९१४. मांडवी म्हणजे आपल्याच तापीवर, खाली सुरत जिल्ह्यात. मी आयुष्यभर मालगाडीवर होतो. वाघिणीवर चुकीचं लेबल चिकटलं की माल चुकीच्या स्टेशनात उतरतो आणि खऱ्या स्टेशनात लोक नुसती वाट बघत बसतात. इथे तसंच झालं. कर्नलने म्युझियमातूनच डेव्हिडसनचा जुना नमुना चोरला, त्याची शिवण उसवली, पुन्हा भरला आणि स्वतःचं लेबल लावलं.

भाची : हे कळलं कसं?

मामा : पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी तो हातात घेऊन तपासला. डेव्हिडसनची कातडं सोलायची, चरबी काढायची, भरायची एक ठरावीक पद्धत होती. ती उसवलेल्या शिवणीच्या आत अजून दिसत होती. आत राहिलेले कापसाचे धागे त्यांनी अमेरिकेच्या एफबीआयकडे दिले आणि ते डेव्हिडसनच्या दुसऱ्या नमुन्यातल्या कापसाशी जुळले. १९१४ ची नोंद खोटी ठरली. मग बाईंनी मांडवी यादीतून काढून टाकली आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबॉट यांच्याबरोबर खऱ्या जागांकडे निघाल्या. आधी पूर्वेकडे छत्तीसगडात, मग खानदेशात. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला, किंगना एका उघड्या फांदीवर उन्हात बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

भाची : माझा राग इथेच आहे, मामा. ११३ वर्षं तो कुणाच्या लेखी हरवला होता? तळोद्याच्या पावऱ्यांच्या लेखी? दिवसाढवळ्या फांदीवर बसणारं पाखरू गुराख्याला दिसलं नसेल? अमेरिकेतून विमानाने आलेल्या माणसाने पाहिलं तेव्हा ते "सापडलं". हीच भाषा आमच्या दाव्यांतही असते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, आणि सरकारी कागदावर "अतिक्रमण".

मामा गप्प झाले. मला हा मुद्दा अर्धाच बरोबर वाटतो आणि तसं मी बोललोही. दिसणं एक, ओळखणं दुसरं. गुराख्याला पिंगळा दिसतो. तो गावातला की रानातला, याचा निवाडा १९९७ पर्यंत भल्या भल्या पक्षीनिरीक्षकांनाही जमला नव्हता. रानपिंगळा म्हणून मिरवलेले फोटो शेवटी साध्या पिंगळ्याचे निघाले. पण शोधायला जाताना गुराख्यांना आधी विचारायला हवं होतं, हे तिचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

मामा : बरं, तुझं मान्य. आता माझं ऐक. हा पक्षी बाकीच्या घुबडांसारखा रात्रीचा नाही. हिवाळ्यात सकाळी ऊन वर आलं की झाडाच्या शेंड्याजवळ, जिथे पान नाही अशा फांदीवर येऊन बसतो. छाती उन्हाला करून. खाली गवतात काही हललं की शेपटी डावी-उजवी झटकायला लागतो, झटका-झटका, आणि डोकं मात्र स्थिर. मग सरळ खाली. सरडा, सापसुरळी, उंदीर, नाकतोडा. सरडे आणि सापसुरळ्या हाच जेवणाचा मोठा वाटा. सावजाला पकडून परत फांदीवर. मोठे पंजे त्यासाठी. मी यावलला, सुकी नदीच्या बाजूला, एकाला असा तासभर पाहिला आहे. नर हाक मारतो ती दोनच तुटक सुरांची, गोड, कचकचाट नाही.

भाची : आणि घर?

मामा : ढोली. तो स्वतः झाड पोखरत नाही. सुतारपक्ष्याने पोखरलेली किंवा फांदी मोडून सडून झालेली पोकळी शोधतो. रोहन, मोई, साग. पुरेसं जुनं, जाड झाड पाहिजे. बारीक झाडात ढोली होतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जोड्या जमतात. नर मादीला खाऊ घालतो. अंडी बहुधा दोन. महिनाभर ती उबवते. त्या दिवसांत ती ढोलीबाहेर क्वचितच पडते, सगळं नर आणतो. मग पिल्लं उडायला आणखी महिना. आणि हे पाखरू काही संत नाही. सातपुड्यात फराह इश्तियाक आणि असद रहमानी या पक्षी-अभ्यासकांनी अभ्यास केला तेव्हा नराने स्वतःचं पिल्लू खाल्ल्याची नोंद त्यांनी केली आहे. अन्न तोकडं पडलं की असं होत असावं. म्हणून एकेका ढोलीचा मोसम मोलाचा.

भाची : जंगल दाट लागतं?

मामा : नाही. उघडं. सागाचं कोरडं पानगळीचं जंगल, मध्ये गवत, मोकळ्या जागा.

भाची : मग झालं तर! गुरं चरतात, लाकूडफाटा निघतो, मोह वेचायला वाटा पडतात, तिथेच हा राहतो. दाट, कुलूपबंद जंगल त्याला नकोच आहे. माणूस गेला आणि सगळीकडे झुडपं माजली तर तुमचा पिंगळा सरडा पाहणार कुठे?

मामा : इथेच तू घसरतेस. उघडं जंगल आणि कापलेलं जंगल यात फरक आहे. उघड्या जंगलात शंभर वर्षांचं झाड उभं असतं. शेतात नसतं. यावलच्या बीटात मी डोळ्याने पाहिलं आहे : खोडाला कंबरेएवढ्या उंचीवर साल कोरून कडं काढतात, झाड उभ्या-उभ्या वाळतं, पुढच्या उन्हाळ्यात पेटवून देतात, आणि पावसाळ्यात तिथे मका. ज्या झाडात ढोली व्हायला माझ्या आजोबांपासूनचा काळ लागला, ते दोन वर्षांत संपतं. यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र साधारण १७७ चौरस किलोमीटर. आत जाऊन बघ किती उरलंय.

भाची काही क्षण बोलली नाही. साल कोरलेली झाडं तिनेही पाहिली आहेत, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

भाची : मी खोटं बोलणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे. त्याआधी ज्याचा ताबा होता त्याचाच दावा, आणि तोही चार हेक्टरपर्यंत. त्यानंतर कापलेल्या जमिनीचा दावा मी घेत नाही. पण लोक येतात, बाहेरून आणलेली माणसंही असतात, कुणीतरी पैसे लावलेले असतात. त्यांना मी परत पाठवते. तरी एक विचारते. डोंगरातली सालईची झाडं कुणी संपवली? नेपानगर आपल्याच लाइनवर आहे ना, तुम्ही शेकडो वेळा तिथून गाडी नेली असेल. देशातला पहिला वर्तमानपत्राच्या कागदाचा कारखाना. १९५० च्या दशकात सुरू झाला तो बऱ्हाणपूरच्या जंगलातल्या सालईवर आणि बांबूवर. आणि त्याआधी तुमची रेल्वे! १८६० च्या दशकात रूळ भुसावळला आले, १८६४ मध्ये वनखातं निघालं. का? स्लीपरला लाकूड पाहिजे म्हणून. डेव्हिडसनने पिंगळे पाहिले ती मैदानातली जंगलं पावऱ्यांनी एकट्यांनी साफ केली नाहीत. ब्रिटिशांनी महसुलासाठी शेतीला दिली. आता उरलेल्या तुकड्यात शेवटचा माणूस पकडला जातो आणि त्याच्यावर पिंगळ्याचा गुन्हा लागतो.

मला हा युक्तिवाद दणकट वाटला आणि अजून वाटतो. भुसावळ जंक्शन आपल्या अभिमानाची गोष्ट आहे; माझ्या घरातही रेल्वेची तीन माणसं. पण खाली तापीकाठचं जंगल कसं गेलं याचा हिशेब मांडायचा तर पहिलं पान रेल्वेचं निघतं. मामांनी नाकारलं नाही. त्यांनी दुसरीकडून पकडलं.

मामा : मान्य. सत्तर वर्षांपूर्वी कारखान्याने खाल्लं, दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेने. म्हणून आता राहिलेलंही जाऊ द्यायचं? पक्ष्याला कापणाऱ्याचं नाव कळत नाही.

भाची : आणि तुमच्या आकड्यांचं काय? २०१८ मध्ये त्याला "अतिसंकटग्रस्त" यादीतून काढून "संकटग्रस्त" केलं. म्हणजे वाढतोय की.

मामा : वाढत नाही, नीट पाहणारे वाढले. मेळघाटात पाहिलं, खंडव्यात पाहिलं, यावलला पाहिलं, नव्या जागा मिळाल्या. तानशात २०१४ मध्ये सापडला. मुंबईच्या दाराशी, जिथे पक्षीनिरीक्षक वर्षानुवर्षे जातात. जागा नव्या कळल्या म्हणून यादीत एक पायरी बदलली. जुन्या जागांचं काय? ज्या शहादा-तळोद्याच्या जंगलात तो पुन्हा सापडला तिथली झाडं पुढच्या काही वर्षांत भराभर शेतात गेली. नव्या जागेचा आनंद आणि जुन्या जागेचं दुःख, दोन्ही खरं.

भाची : मग घुबड म्हटलं की दगड मारणाऱ्यांचं काय करता? ते तर शहरातही आहेत.

या प्रश्नावर दोघं पहिल्यांदा एका बाजूला आले. घुबड घरावर बसलं की मरण येतं, ही समजूत भुसावळच्या चाळीतही आहे आणि पायथ्याच्या गावातही. अमावास्येला मांत्रिकाला घुबड विकलं जातं. लक्ष्मीचं वाहन म्हणून दिवाळीतही जीव जातो. दिवसा उघड्यावर बसणाऱ्या पक्ष्याला याची झळ जास्त, कारण गलोल घेतलेल्या पोराला तो सहज दिसतो. आणि याच मुलखात पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा जोशी होता. पिंगळ्याची बोली मला कळते, असं सांगून तो घराघरांत भविष्य बोलायचा आणि बाया त्याला सुपात धान्य घालायच्या. पक्षी अशुभ असता तर त्याच्या बोलीवर कुणी दाणा दिला नसता. भाचीच्या मते गावात हीच गोष्ट सांगावी, कायद्याच्या धाकापेक्षा ती लवकर पोचेल. मामांना धाकही हवा आहे. पक्षी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे गलोलवाल्या पोराच्या बापाला ठाऊक असावं, असं ते म्हणतात.

मामा : विषाचं विसरू नकोस. डोंगराखालच्या शेतात उंदरांना विष टाकतात. विषाने डुलणारा उंदीर पिंगळ्याला सर्वांत सोपा. फेब्रुवारी-मार्चात गवत पेटवतात तेव्हा कित्येक ढोल्यांत पिल्लं असतात. वणवा कुणी मुद्दाम त्याच्यासाठी लावत नाही, पण लागतो.

भाची : हे मी करू शकते. विष आणि वणवा ग्रामसभेच्या हातातली गोष्ट आहे. मामा, तुम्हाला एक सांगू? तुम्ही दावा म्हटलं की जमिनीचा तुकडा समजता. त्याच कायद्यात सामूहिक हक्क आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये मिळाला. गावाला जंगल राखण्याचा, त्याची योजना करण्याचा अधिकार. अभयारण्यातही लागू आहे. कलम पाचमध्ये स्पष्ट आहे, वन्यजीव आणि जंगल राखणं ग्रामसभेचं काम. त्या योजनेत मी ढोलीची झाडं लिहून घेते.

मामा : लिहून काय होणार?

भाची : सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी २००० चा आदेश आहे. अभयारण्यातलं मेलेलं, वाळलेलं, पडलेलं झाडसुद्धा उचलता येत नाही. म्हणजे यावलच्या हद्दीत ढोली आधीच कायद्याने राखलेली आहे, कुणाला माहीत नाही एवढंच. हद्दीबाहेर मात्र वठलेलं झाड म्हणजे जळण. तुमचा पिंगळा हद्द बघून ढोली निवडतो का?

मामांना हा आदेश ठाऊक नव्हता. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला आणि तारीख लिहून घेतली. इतकी वर्षं अभयारण्य राखा म्हणणाऱ्या माणसाला अभयारण्याचा नेमका आदेश, अभयारण्यातल्या माणसांची वकिली करणाऱ्या भाचीने सांगावा, हे मला या सगळ्या बोलण्यातलं सर्वांत मोलाचं वाटलं. माझं मत मी सांगून टाकतो. रानपिंगळा दाट जंगलात राहत नाही, म्हणून माणसांना काढून त्याचं भलं होणार नाही. पण जुनं झाड कापून केलेल्या शेतातही तो राहत नाही, म्हणून प्रत्येक नव्या शेताला गरिबीचं नाव देऊन डोळे झाकणंही मला मंजूर नाही. २००५ नंतर साल कोरलेलं प्रत्येक झाड हा गुन्हा आहे आणि त्यामागे पैसा लावणारा शोधायला हवा. कुऱ्हाड धरणारा मजूर तेवढा पकडून भागणार नाही. आणि ढोलीची राखण पायथ्याच्या गावाने केली तरच होईल. वनरक्षकाच्या एका बीटात किती ढोल्या असतील? गुराखी रोज त्या झाडाखालून जातो.

मामा : एक अट. ढोलीचा नकाशा गावाबाहेर जाता कामा नये. फोटोवाले येतात, मोबाइलवर त्याचीच हाक वाजवतात, नर बिचारा शिकार सोडून भांडायला येतो. पिल्लं उपाशी.

भाची : लिहिते. पण मग तुमच्या मित्रांनाही नाही.

मामा : माझ्या मित्रांनाही नाही.

भाची : कोणती झाडं लिहू?

मामा : रोहन. मोई. साग, पण जाड, कवळीत न मावणारा. सालई उरली असेल तिथे. आणि वठलेलं असलं तरी उभं ठेवा, असं मराठीत नको, पावरी बोलीत लिहून घे. सभेत वाचायचं आहे ना.

भाचीने वहीत लिहिलं. मग दाव्यांचा विषय निघाला तशी मामांनी पुन्हा २००५ ची तारीख काढली आणि कुठली वाडी त्याआधीची, कुठली नंतरची, यावर दोघांचं परत सुरू झालं.